वाचकांचे प्रश्न : ‘पाडस’ मुलांच्या हाती कधी आणि कसं द्यावं?

माझी मुलगी सहावीत आहे. प्राण्यांचं भयंकर वेड. चित्रांची पुस्तकं, माहितीची पुस्तकं सगळी वाचून झाली. आता तिला ‘खरीखुरी, मोठी’ कादंबरी हवी आहे, आणि ‘रडू आलं तरी चालेल’ असं तिनंच बजावलंय. एकच पुस्तक सुचवायचं तर कोणतं?
— एक पालक, सातारा

एकच असेल तर ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ‘द इयरलिंग’ ही कादंबरी १९३८ साली आली आणि १९३९चं पुलित्झर पारितोषिक तिला मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली आणि मराठी घरांत ती ‘पाडस’ याच नावानं ओळखली जाते. अनुवादित पुस्तक आहे हे विसरून लोक तिच्याबद्दल बोलतात, यातच सगळं आलं.

गोष्ट फ्लोरिडातली आहे, साधारण १८७०च्या दशकातली. सेंट जॉन्स नदीच्या पश्चिमेला पसरलेलं खुरटं, रेताड जमिनीवरचं झाडोऱ्याचं रान. आज त्याचा बराच भाग ओकाला राष्ट्रीय अरण्यात येतो. या रानाच्या मधोमध चांगल्या जमिनीचा एक उंचवटा आहे, त्याला सगळे ‘बॅक्स्टरचं बेट’ म्हणतात. तिथं तिघंच राहतात. बाप पेनी, आई ओरा आणि बारा वर्षांचा ज्योडी. ज्योडीच्या आधीची भावंडं लहानपणीच गेली आहेत, त्यांच्या कबरी घराजवळच आहेत. मका, चवळी, रताळी, थोडी डुकरं, एक दुभती गाय, एक घोडा आणि शिकार यांवर घर चालतं. ज्योडीला आपलं म्हणावं असं एक जनावर हवं असतं. आईचा ठाम नकार असतो, कारण जनावर म्हणजे आणखी एक तोंड.

मग एका हरणीचं अनाथ पाडस घरात येतं. पुढच्या वसंतात ते मोठं झालेलं असतं, कुंपणावरून उड्या मारायला लागलेलं असतं आणि मक्याचे कोंभ खायला लागलेलं असतं. शेवट काय होतो ते खाली दुसऱ्या एका प्रश्नात सांगावंच लागलं आहे. ज्यांना आत्ता नको असेल त्यांनी तेवढं उत्तर सोडावं.

सहावीतल्या, वाचनाची सवय असलेल्या मुलीला हे पुस्तक स्वतः वाचता येईल. दहा वर्षांच्या मुलाला मात्र वाचून दाखवावं. त्याहून लहान असेल तर थांबा. भाषा कळणार नाही म्हणून नव्हे. बापाला तसं का वागावं लागतं हे त्या वयात पोचत नाही आणि मग उरतो तो नुसता क्रूरपणा.

याच पुस्तकाची शिफारस ऐकून मुलाला आणून दिलं. साठेक पानं वाचली आणि ठेवून दिलं. ‘पाडस कुठाय यात?’ असं विचारतो. त्याचं काही चुकतंय का?
— पुणे

त्याचं काही चुकत नाही. ‘पाडस’ नावाच्या पुस्तकात पाडस येतं ते जवळजवळ निम्मं पुस्तक सरत आल्यावर! ही गोष्ट पुस्तक देतानाच सांगून टाकावी, म्हणजे मूल पानोपानी वाट बघत बसत नाही. पहिल्या भागाला त्याच्यापुरती वेगळी गोष्ट समजायला सांगा. एक म्हातारं, पायाचं बोट तुटलेलं, महाबिलंदर अस्वल आहे, ‘स्लूफूट’. ते रात्रीत येऊन बॅक्स्टरांची विणीची डुकरीण मारतं. इथून बापलेकांचा त्याच्याशी जो उभा दावा सुरू होतो तो थेट नाताळापर्यंत चालतो. अस्वलाच्या मागावर जाणारी पहिली शिकार ज्यानं वाचली ते मूल सहसा पुस्तक सोडत नाही. तेव्हा तिथवर तुम्ही स्वतः वाचून दाखवा.

अडखळण्याच्या जागा ठरलेल्या असतात. एक म्हणजे फॉरेस्टर कुटुंब. बक, मिलव्हील, गॅबी, पॅक, आर्च, लेम असे धिप्पाड, दाढीवाले, भांडकुदळ भाऊ एकदम समोर येतात आणि कोण कुठला कळेनासं होतं. त्यातले तिघंच लक्षात ठेवायला सांगा : बक, जो अडीअडचणीला धावून येतो; लेम, जो डूख धरतो; आणि सगळ्यांत धाकटा फॉडरविंग. हा अधू शरीराचा, जगावेगळं बोलणारा मुलगा, घरात सगळी जखमी जनावरं सांभाळणारा, ज्योडीचा एकुलता एक मित्र. बाकीचे भाऊ मागे दंगा करत असतात, एवढं पुरे.

दुसरी जागा भूगोलाची. ‘बेट’ म्हटल्यावर मुलं चारी बाजूंनी पाणी बघतात. तिथं पाणीच नाही, तीच तर गंमत आहे. घराला विहीरसुद्धा नाही. चुनखडीची जमीन खचून झालेल्या एका मोठ्या खळग्याच्या कडांतून पाणी झिरपतं, ते भरून आणायचं, धुणंही तिथंच. पाठकोऱ्या कागदावर साधा नकाशा काढा : मधे घर आणि शेत, शेजारी तो खळगा, पश्चिमेला रानापलीकडे फॉरेस्टरांचं घर, पूर्वेला लेक जॉर्ज आणि नदी, नदीकाठी व्होल्युशिया हे गाव. नकाशा पुस्तकातच घडी करून ठेवा. खळगा ठळक काढा, शेवटी त्याचं काम आहे.

तिसरा उपाय मुलांना फार आवडतो. पहिल्याच प्रकरणात ज्योडी कामं टाकून झऱ्यावर जातो आणि पाण्यावर फिरणारं एक छोटं चक्र करतो. पहिलं प्रकरण संपलं की ते करून बघा. साहित्य एवढंच : इंग्रजी ‘वाय’च्या आकाराच्या दोन बेचक्या, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची एक सरळ काडी आणि माडाच्या किंवा शिंदीच्या पातीच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी चार-पाच बोटं लांब. काडीच्या मध्यावर चाकूनं आरपार चीर पाडा. तिच्या लगतच दुसरी चीर, पण पहिलीला काटकोनात. दोन्ही चिरांतून एकेक पट्टी अशी ओवा की दोन्ही बाजूंना सारखी बाहेर येईल. झाली चार पाती. बेचक्या ओढ्याच्या वाळूत रोवा, काडी त्यांच्यावर आडवी ठेवा. पात्यांची फक्त टोकं पाण्याला लागली पाहिजेत.

चक्र फिरत नाही त्याची कारणं बहुतेक वेळा हीच असतात. काडी गोल नाही, तिला गाठ आहे, त्यामुळे बेचक्यात अडकते. साल काढून गुळगुळीत करा. पाती फार खोल बुडली. बेचक्या थोड्या वर घ्या. पट्ट्या एका बाजूला जास्त लांब. एकाच जागी जड बाजू खाली येऊन चक्र थांबतं. साचलेल्या पाण्यात तर ते फिरणारच नाही. ओढा नसेल तर गच्चीवर, पन्हाळीच्या वाहत्या पाण्यात जमतं. चिरा पाडताना चाकू मोठ्यांच्या हातात असू द्या, कारण बारीक काडी हटकून निसटते.

हा वेळेचा अपव्यय नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे ज्योडी पुन्हा असंच चक्र करायला बसतो. ज्या मुलानं स्वतः एकदा ते फिरवलेलं असतं त्याला त्या पानावर काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवट दुःखद आहे असं ऐकलं. आमचा मुलगा हळवा आहे, सिनेमात कुत्रा मेला तरी दोन दिवस जेवत नाही. शेवट आधी सांगून ठेवावा, की शेवटची प्रकरणं गाळावीत?
— नाशिक

गाळू नयेत, आणि बदलून तर अजिबात सांगू नयेत. ‘मग पाडस रानात निघून गेलं’ असा गोड शेवट घरी लावून दिला की दोन-तीन वर्षांनी मूल स्वतः पुस्तक उघडतं आणि घरच्यांनी फसवलं हे त्याला कळतं. शिवाय या पुस्तकात रानात सोडून देण्याचा मार्ग का बंद आहे, हीच तर गोष्ट आहे.

शेवट असा. सप्टेंबरात वादळ येतं, दिवसेंदिवस पाऊस कोसळतो, पिकं सडतात. मागोमाग हरणांत रोग पसरतो, शिकार आटते, लांडगे गोठ्यापर्यंत येतात. घर कसंबसं हिवाळा काढतं. वसंतात नव्या पेरणीवर सगळी भिस्त असताना फ्लॅग, म्हणजे ते पाडस, मक्याचे कोंभ खाऊन टाकतं. त्याच सुमारास बुंधा उपटताना बापाच्या पोटात कळ येऊन तो अंथरुणाला खिळतो. ज्योडी एकटा पुन्हा पेरतो, एकट्यानं ओंडके रचून कुंपण उंच करतो. फ्लॅग तेही ओलांडतो. बाप सांगतो, रानात ने आणि गोळी घाल. ज्योडीच्यानं होत नाही. मग आई बंदूक उचलते. तिला नेम धरता येत नाही, फ्लॅग जखमी होतो. तडफडणाऱ्या जनावराला सोडवायचं काम ज्योडीलाच करावं लागतं, त्या खळग्यापाशी. तो बापाला नको ते बोलून घर सोडतो, नदीवर भरकटतो, उपाशी पडतो आणि भूक म्हणजे काय ते पहिल्यांदा अंगावर घेऊन परत येतो. शेवटची पानं बापलेकांच्या बोलण्याची आहेत. ती गाळली तर सगळं पुस्तक अर्धवट राहिलं.

आधी किती सांगायचं? हळव्या मुलाला एवढंच सांगा : ‘यात पाडस जगत नाही. ते कसं आणि का, ते पुस्तकात आहे.’ धक्का काढून घेतला तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही, कारण त्याची ताकद धक्क्यात नाही, अपरिहार्यतेत आहे. धीट मुलांना आधी काही सांगायची गरज नाही.

मधले मृत्यूही धरून चला. हरणी मरते, फॉडरविंग मरतो, अस्वल मरतं. यांतला फॉडरविंगचा प्रसंग पुष्कळ मुलांना शेवटापेक्षा जड जातो, कारण तिथं मूलच मरतं आणि ते अचानक. ज्योडी आपलं पाडस मित्राला दाखवायला जातो आणि मित्र गेलेला असतो. पाडसाचं नाव काय ठेवायचं हे फॉडरविंगनं आधीच सांगून ठेवलेलं असतं : फ्लॅग, पांढऱ्या शेपटीचं निशाण फडकावत पळतं म्हणून. हे प्रकरण संध्याकाळी झोपायच्या आधी वाचू नका.

शेवटची तीन-चार प्रकरणं सुट्टीच्या दिवशी सकाळी, एका बैठकीत वाचावीत. ‘उद्या पुढे’ म्हणून मधेच थांबलात तर मूल रात्रभर सर्वांत वाईट जागी अडकून पडतं. वाचून झाल्यावर लगेच ‘काय शिकलास?’ विचारू नका. बहुतेक मुलं एक-दोन दिवसांनी आपणहून बोलायला लागतात आणि पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो : ‘त्याला बांधून का नाही ठेवलं?’ उत्तर पुस्तकातच शोधायला लावा. दोरी आणि कोंडून ठेवणं, दोन्ही करून झालेलं आहे.

घरातलं पाळीव जनावर नुकतंच गेलं असेल तर मात्र हे पुस्तक वर्षभर लांबणीवर टाका.

आई फारच कठोर दाखवली आहे. मुलीला ती ‘व्हिलन’ वाटते. शिवाय शिकारी, बंदुका, दारू. आमच्याकडे शाकाहारी घर. हे सगळं मुलांपुढे ठेवावं का?
— ठाणे

ओरा आधी समजून घ्या, मग मुलीला समजावणं सोपं जाईल. तिनं मुलांमागून मुलं पुरली आहेत. उरलेल्या एकावर जीव लावायची तिला धास्ती वाटते, आणि घरातल्या दाण्या-दाण्याचा हिशेब तीच ठेवते. पेनी हळवा राहू शकतो कारण हिशेब ओरा करते. मुलीबरोबर एक खेळ करून बघा : बॅक्स्टरांच्या मक्यावर कोण-कोण जगतं त्याची यादी करा. तिघांची भाकरी, घोडा, कोंबड्या, डुकरं, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं. मग दुबार पेरणी केली तर बियाणं कुठून आणायचं आणि उशिरा पेरलेलं कधी हाती येईल, हे विचारा. आई लगेच वेगळी दिसायला लागते. विदर्भात रोह्यांनी (नीलगायींनी) किंवा सोलापूर-अहिल्यानगरकडे काळविटांनी उगवतं पीक साफ केलेलं ज्या घरांनी सोसलं आहे, तिथल्या मुलांना ओराची बाजू कुणी सांगावी लागत नाही. शहरातल्या मुलांना दाणा महाग असतो हेच आधी सांगावं लागतं.

शिकार भरपूर आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण पेनी खाण्यापुरतं मारतो, उगाच मारत नाही, आणि फॉरेस्टर भाऊ तसे नाहीत. हा फरक पुस्तक फार बारकाईनं दाखवतं. दारू आणि मारामारी फॉरेस्टरांच्या घरात आहे. इंग्रजी मूळ पुस्तक देणार असाल तर आणखी एक लक्षात असू द्या : त्या काळी गोऱ्यांच्या बोलण्यात कृष्णवर्णीयांसाठी जे हीन शब्द सर्रास असत ते त्यात कुठेकुठे येतात. आल्यावर थांबून सांगा.

खरी काळजी घ्यायची जागा वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. पेनीला रॅटलस्नेक हा विषारी साप चावतो. तो चाकूनं जखम चिरतो, हरणी मारून तिचं ताजं काळीज विष ओढून घ्यायला जखमेवर लावतो. त्यातूनच पाडस अनाथ होतं. प्रसंग जबरदस्त आहे. मुलं तो विसरत नाहीत, आणि म्हणूनच तिथं पुस्तक मिटून स्पष्ट सांगा की हे उपचार चूक आहेत. चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी आवळायची नाही, काही चोळायचं नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता, माणसाला चालायला न लावता, १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनानं सरकारी दवाखाना गाठायचा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण आधी काढायचे, कारण सूज चढते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या आपल्याकडच्या चारही विषारी सापांवर चालणारी लस असते. सापाला मारून बरोबर न्यायची गरज नसते. त्यात दुसऱ्या माणसाला चावा बसतो. उत्तर लांबलं, पण खेड्यापाड्यांत हे पुस्तक वाचलं जातं.

आम्ही दुबईत राहतो. मुलं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. इंग्रजी द्यावं की मराठी?

मराठी द्या, वाचून दाखवा. मूळ इंग्रजीतले संवाद फ्लोरिडाच्या रानातल्या बोलीत आहेत, शब्द मोडून-तोडून लिहिलेले. शाळेतलं उत्तम इंग्रजी येणारी मुलंही त्यात ठेचकाळतात. पटवर्धनांचं मराठी मोठ्यानं वाचायला फार चांगलं आहे.

एकूण ३३ प्रकरणं आहेत. काही चार पानांची, काही चांगलीच मोठी. रोज एक प्रकरण असा नेम केलात तर दुसऱ्याच आठवड्यात मोडेल. घड्याळ लावा, पंचवीस मिनिटं. तेवढ्यात जिथं प्रसंग संपेल तिथं थांबा. आठवड्यातून चार दिवस वाचलंत तर तीन ते चार महिने धरून चाला. घाई करू नका, कारण पुस्तकातही एका एप्रिलपासून पुढच्या एप्रिलपर्यंतचं वर्ष जातं आणि ते रेंगाळणं मुलांना हवं असतं. झाडांची नावं, बंदुकीचे भाग, कुंपणाचे ओंडके असं वर्णन सलग येऊन मूल चुळबुळ करायला लागलं तर तिथं एखादा परिच्छेद ओलांडलात तरी चालेल. पेनीच्या गोष्टी मात्र ओलांडू नका. अस्वलाच्या शिकारीची हकिगत तो फॉरेस्टरांच्या घरी ज्या ढंगात सांगतो आणि बिनकामाचं कुत्रं खरं बोलूनच गळ्यात मारून बदल्यात बंदूक मिळवतो, तिथं मुलं हमखास हसतात. रडवणाऱ्या पुस्तकात हसायच्या जागा इतक्या असतील हे लोकांना खरंच वाटत नाही.

दहा मिनिटं तुम्ही वाचल्यावर शेवटचा परिच्छेद मुलाला वाचायला लावा. तुमच्या तोंडून ती नावं आणि शब्द नुकतेच कानावर पडलेले असतात, त्यामुळे अडखळणं कमी होतं.

पुस्तक वाचल्यापासून नातवाला हरणाचं पिल्लू पाळायचंय. आमचं गाव माळरानाला लागून आहे, काळविटं दिसतात. काय सांगू?
— एक आजोबा

आजोबा, सरळ सांगा की आपल्या देशात तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. काळवीट, चितळ, चिंकारा यांतलं काहीही घरी ठेवता येत नाही, प्रेमानं ठेवलं तरी नाही.

आणि आणखी एक गोष्ट त्याला दाखवून द्या. गवतात एकटं, निपचित बसलेलं पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसतं. लहान पिल्लाला पळता येत नाही, म्हणून आई त्याला दडवून चरायला लांब जाते आणि पाजायला परत येते. आपण जवळ उभे राहिलो तर ती येत नाही. ‘वाचवायचं’ म्हणून उचलून आणलेली कितीतरी पिल्लं खरं तर आईपासून तोडलेली असतात, आणि गाईचं दूध पाजलं की हगवण लागून दगावतात. ज्योडीनं तर पाडसाची आई मेल्याचं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तो दुधात बोटं बुडवून पाडसाला चाटवतो आणि स्वतःच्या वाटणीचं दूध त्याला देतो, तो प्रसंग गोड असला तरी नक्कल करण्याजोगा नाही. पिल्लू जखमी असेल, कुत्री मागे लागली असतील किंवा आई शेजारीच मरून पडली असेल, तर हात न लावता वनखात्याला कळवायचं. महाराष्ट्रात वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

नातवाला दुर्बीण घेऊन द्या. माळावर बसून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

धाकटा आठ वर्षांचा आहे, त्याला ‘पाडस’ जड होईल. प्राणी आणि मूल असलेलं, मनाला भिडणारं, पण थोडं हलकं काही? इंग्रजी चालेल.
— कोल्हापूर

आठ वर्षांला ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’, १९५२चं. २२ छोटी प्रकरणं. फर्न नावाची मुलगी दुबळ्या डुकराच्या पिल्लाला बापाच्या कुऱ्हाडीतून वाचवते, आणि पुढे त्याला सुरीपासून वाचवण्याचं काम गोठ्यातली एक कोळीण (स्पायडर) करते. जाळ्यात शब्द विणून. कोळीण शेवटी मरते, पण तिची अंडी उबतात, तिची तीन पिल्लं गोठ्यातच राहतात. मृत्यूशी पहिली ओळख करून देणारं याहून नेटकं पुस्तक सापडणं कठीण. एक सूचना : तिचा मृत्यू दोन-चार वाक्यांत उरकलेला आहे आणि ती एकटी मरते. वाचताना आवाज हलणारच असेल तर ते पान आधी एकदा मनात वाचून घ्या.

प्राणी जगलाच पाहिजे अशी अट असेल तर फिलिस रेनॉल्ड्स नेलर यांचं ‘शायलो’, १९९१. पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक, अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं पारितोषिक, मिळालं. मालकाच्या माराला भिऊन पळालेलं एक बीगल कुत्रं अकरा वर्षांचा मार्टी लपवून ठेवतो. कुत्रं वाचतं. पण त्यासाठी मार्टी घरी खोटं बोलतो, मालकाचं गुपित दाबून सौदा करतो आणि तासांच्या हिशेबानं राबून कुत्र्याची किंमत फेडतो. चांगल्यासाठी खोटं बोलावं का, यावर जेवताना चांगली जुंपते. वय नऊपासून पुढे.

एका बैठकीत संपणारं हवं असेल तर कॉलिन थील या ऑस्ट्रेलियन लेखकाचं ‘स्टॉर्म बॉय’ (१९६४). कूराँगच्या किनाऱ्यावरचा मुलगा आणि त्यानं वाढवलेला पाणकोळी (पेलिकन). छोटं आहे म्हणून हलकं समजू नका, शिकारी त्या पक्ष्याला मारतात.

भारतातलं हवं असेल तर धनगोपाळ मुखर्जींचं ‘गे-नेक’. १९२७चं, १९२८चं न्यूबेरी पदक मिळालेलं, कलकत्त्यातला मुलगा आणि त्याचं कबूतर चित्रग्रीव. कबूतर पहिल्या महायुद्धात निरोप्या म्हणून जातं. कबुतरं शिकवण्याचा भाग फार तपशिलात आहे. हिमालयातलं चिंतन मात्र मुलं पटापट उलटतात आणि त्यांना उलटू द्यावं.

‘पाडस’वरचा सिनेमा आधी दाखवला तर पुस्तकाची गोडी लागेल का?

उलटं करा. १९४६चा चित्रपट आहे, ग्रेगरी पेकनं पेनी केलाय, जेन वायमननं ओरा, आणि ज्योडी केलेल्या क्लॉड जार्मन या मुलाला बालकलाकाराचं खास ऑस्कर मिळालं. रंगीत छायाचित्रणाचं ऑस्करही त्याच चित्रपटाला. रान सुरेख दिसतं. पण दोन-सव्वादोन तासांत पाडस लवकर आणावं लागतं आणि निम्मं वर्ष कापावं लागतं, त्यामुळे भुकेचा तो सगळा हिशेब पातळ होतो आणि शेवट नुसता दुष्ट वाटतो. पुस्तक संपल्यावर महिनाभरानं दाखवा आणि काय-काय गाळलं ते मुलांना मोजायला सांगा. ती यादी तुमच्यापेक्षा मुलांची मोठी होईल. पेक पेनीच्या मानानं फारच उंच आहे, ही तक्रार यादीत पहिली येते. पुस्तकातला पेनी किरकोळ अंगाचा, त्यावरूनच त्याला ‘पेनी’, म्हणजे छोटंसं नाणं, हे टोपणनाव पडलेलं.